वाजवून पाहिलेली पृथ्वी

कुंभारवाड्यात मडके घ्यायला गेलेली बाई ते आधी हातावर तोलते आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहते. चीर डोळ्यांना दिसत नसली तरी कानाला कळते. धड मडक्याचा नाद खणखणीत येतो, चिरलेल्याचा बद्द येतो. दिसत नाही ते ऐकून ओळखावे, ही युक्ती इतकी घरगुती आहे. हीच युक्ती माणसाने पृथ्वीवर चालवली आणि तिच्या पोटातील चिरा तीस-चाळीस किलोमीटर खोलीपर्यंत शोधून काढल्या. ती हकीकत आज श्रोत्यांपुढे मांडावयाची आहे.

'खोल भूकवचातील प्रस्तरभंगांचा भूकंपलहरींच्या परावर्तनाने घेतलेला शोध' असे या विषयाचे शास्त्रीय नाव आहे. ते आधी जाहीर केले असते तर निम्मी मंडळी घरीच राहिली असती, म्हणून ते आम्ही मागे ठेवले. प्रस्तरभंग म्हणजे खडकातील अशी चीर की जिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या आहेत. नुसती भेग निराळी आणि प्रस्तरभंग निराळा. भेगेत दोन्ही काठ जागच्या जागी असतात. प्रस्तरभंगात एक काठ वर चढलेला, खाली बसलेला किंवा बाजूला गेलेला असतो. भूकंप होतो तो याच सरकण्याने.

ही गोष्ट आज शाळेतील मुलगाही सांगेल. पण ती कळायला बराच काळ लागला. १८१९ साली १६ जूनला कच्छमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा रणात कित्येक मैल लांबीचा मातीचा उंचवटा एकाएकी वर आला. माणसाने न बांधलेला हा बांध पाहून लोकांनी त्याला 'अल्लाबंद' असे नाव दिले. चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. १८९१ साली जपानात मिनो-ओवारीचा भूकंप झाला, तेव्हा शेतांतून, रस्त्यांतून जमीन कापल्यासारखी दुभंगून वरखाली झाली. ते पाहून कोतो बुंजिरो या जपानी शास्त्रज्ञाने प्रतिपादन केले की, जमिनीचे फाटणे हा भूकंपाचा परिणाम नसून तेच त्याचे कारण आहे. पुढे १९०६ च्या १८ एप्रिलला सान फ्रान्सिस्को शहर हादरले आणि जळाले. तेथील सान आंद्रेआस प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंची कुंपणे, रस्ते, झाडांच्या रांगा काही ठिकाणी कित्येक फूट बाजूला सरकलेल्या आढळल्या. त्यावरून हॅरी रीड यांनी १९१० साली उपपत्ती मांडली. चिरेच्या दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे ताणले जातात, चीर मात्र घर्षणाने अडकून राहते. एके दिवशी ती अडक सुटते आणि साठलेला ताण क्षणात मोकळा होतो. ताणलेला धनुष्याचा वाक सोडावा तसा हा प्रकार आहे.

येथवर ठीक झाले. पण मुख्य प्रश्न पुढेच होता. ही चीर खाली जाते कोठवर? आणि जाते ती कशी, विहिरीच्या भिंतीसारखी उभी, की घाटातल्या रस्त्यासारखी उतरती, की पुढे जाऊन अंथरुणासारखी आडवी होते? जमिनीवर चिरेचे तोंड दिसते, पोट दिसत नाही. जगातील सर्वांत खोल सोन्याच्या खाणी सुमारे चार किलोमीटरच्या आहेत. रशियातील कोला द्वीपकल्पावर माणसाने जिद्दीने पाडलेले भोक १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत गेले आणि उष्णतेपुढे थांबले. खंडांचे कवच तर साधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे असते. म्हणजे जेथे भूकंपाचे मूळ आहे आणि जेथे पर्वतांचे पाय आहेत, तेथे हात पोहोचत नाही. त्यामुळे पन्नास-साठ वर्षे भूशास्त्रज्ञांनी आपापल्या नकाशांखाली चिरा काढल्या त्या तर्काने. कोणी त्या उभ्या काढल्या, कोणी तिरप्या. थोड्या खोलीनंतर बहुतेकांनी तुटक रेघा काढून शेवटी प्रश्नचिन्ह घातले. ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक होते. पण त्यावर घर बांधता येत नाही.

आता दुसऱ्या वाटेने येऊ. १८४९ च्या सुमारास आयर्लंडमध्ये रॉबर्ट मॅलेट यांनी किलिनी येथील समुद्रकाठच्या वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली आणि तिचा हादरा जमिनीतून किती वेगाने जातो हे मोजले. माणसाने हातांनी केलेला हा छोटा भूकंपच होता. पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कोठे आहे हे तिच्या आवाजावरून ठरवण्याचे शास्त्र निघाले. त्या कामावर असलेल्या जॉन क्लॅरेन्स कार्चर या अमेरिकन तरुणाच्या मनात आले की, हवेतून येणारा आवाज आपण ऐकतो, तसा जमिनीतील थरांवरून परतणारा प्रतिध्वनीही ऐकता येईल. १९२१ साली ४ जूनला ओक्लाहोमा शहरालगत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी सुरुंग उडवून जमिनीचा प्रतिध्वनी टिपला आणि त्याच उन्हाळ्यात आर्बकल डोंगरांत थरांची खोली मोजून दाखवली. पुढे तेलाचे भाव पडले आणि काम बंद करावे लागले. पण काही वर्षांतच ते पुन्हा सुरू झाले, आणि १९३० नंतर तेल शोधणाऱ्यांचे ते मुख्य हत्यार बनले.

या हत्याराचा हिशेब साधा आहे. जमिनीवर हादरा द्यायचा. त्याची लहर खाली जाते. वाटेत एका प्रकारचा खडक संपून दुसऱ्या प्रकारचा लागला की लहरीचा काही अंश मागे फिरतो, काही पुढे जातो. मागे फिरलेला अंश जमिनीवर ओळीने पुरलेल्या 'जिओफोन' नावाच्या कानांना ऐकू येतो. जायला-यायला किती वेळ लागला एवढे मोजायचे. कठीण खडकात या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धरला, आणि प्रतिध्वनी दहा सेकंदांनी आला, तर जायला पाच व यायला पाच. म्हणजे आरसा तीस किलोमीटर खोल. हे काम मैलोगणती एका रेषेत करत गेले की जमिनीखालचा उभा छेद कागदावर उमटतो. पाव कापल्यावर आतले दिसावे, तसे पृथ्वीचे पोट त्या छेदात दिसू लागते.

प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो आणि वारा, वाहने, झाडांची मुळे यांचा गलबला मोठा असतो. त्यावर दोन उपाय निघाले. १९५० साली हॅरी मेन यांनी सुचवले की, एकाच खोल बिंदूवरून परतलेले प्रतिध्वनी निरनिराळ्या ठिकाणांहून पुनःपुन्हा टिपून त्यांची बेरीज करावी. खरा प्रतिध्वनी दर वेळी त्याच जागी येतो म्हणून बेरजेत वाढतो. गलबला कसाही येतो म्हणून आपसांत कटतो. देवळात शंभर माणसे एक ताल धरतात तेव्हा कुजबुज बुडून टाळ्यांचा ताल वर येतो, तसेच हे. दुसरा उपाय कोनोको या तेल कंपनीने काढला. सुरुंगाऐवजी जड मोटारगाड्या जमिनीवर पोलादी पाट टेकवतात आणि ती काही सेकंद ठरावीक क्रमाने थरथरवतात, आधी संथ, मग जलद किंवा उलट. जमिनीतून येणाऱ्या एकूण नोंदीत ही आपली ठरावीक चाल कोठेकोठे लपली आहे हे यंत्र शोधते. या रीतीला 'व्हायब्रोसाइस' म्हणतात. सुरुंग नकोत, भोके नकोत; सार्वजनिक रस्त्यानेही काम चालते.

येथे या इतिहासातील मर्माची गोष्ट आली. तेल कंपन्यांना रस वरच्या थोड्या किलोमीटरांत. त्यांच्या कामाचे प्रतिध्वनी चार-सहा सेकंदांत येऊन जात, आणि तेवढे झाले की यंत्र बंद करण्यात येई. पुढच्या सेकंदांत आणखी खोलून प्रतिध्वनी येतच होते. ते ऐकायला कोणी थांबत नव्हते. खालच्या काळोखातून उत्तर येत होते आणि विचारणाराच उठून गेला होता! १९५० नंतरच्या काळात जर्मनीतील काही संशोधकांनी तेलाच्या शोधासाठी चाललेल्या कामातच यंत्रे थोडी अधिक वेळ चालू ठेवली, तेव्हा खोल कवचातून क्षीण प्रतिध्वनी हाती लागले. कॅनडात आल्बर्टामध्येही १९६० नंतर असे प्रयत्न झाले. पण हे सारे तुरळक होते. एखाद्या खंडाच्या पोटाचा पद्धतशीर छेद घ्यायचा तर पैसा, माणसे आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो.

तो योग १९७५ साली अमेरिकेत आला. कॉर्नेल विद्यापीठातील जॅक ऑलिव्हर यांनी १९६८ साली दोघा सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात भूकंपांच्या नोंदींवरून भूपट्टांच्या हालचालींचा सिद्धान्त बळकट केला होता. समुद्रतळाबाबत तो सिद्धान्त चपखल बसत होता. पण खंडांचे पोट मात्र गुंतागुंतीचे व अपरिचितच होते. ऑलिव्हर यांच्या मनात आले की, तेल कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर ओतून पारखलेले हे साधन आयते तयार आहे. ते उसने घेऊन फक्त अधिक वेळ ऐकले तर? शेल कंपनीत हयात घालवलेले सिडनी कॉफमन त्यांना येऊन मिळाले. सरकारी विज्ञाननिधीच्या साहाय्याने 'कोकॉर्प' हा उपक्रम सुरू झाला आणि टेक्सासमधील हार्डमन परगण्यात पहिली रेषा टाकण्यात आली. यंत्रे, गाड्या, माणसे तेलाच्या धंद्यातीलच. ऐकण्याची मुदत तेवढी वाढवलेली, पंधरा-वीस सेकंदांपर्यंत.

या उपक्रमाची खरी परीक्षा वायोमिंग राज्यातील विंड रिव्हर पर्वतावर झाली. हा पर्वत अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांचा आहे आणि त्याची शिखरे चार हजार मीटरवर जातात. सुमारे सात-आठ कोटी वर्षांपूर्वी ते प्राचीन खडक खालून वर उचलले गेले हे सर्वांना मान्य होते. उचलले कसे, यावर मात्र भूशास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणे, खालून सरळ वर ढकलले गेले. पर्वताच्या कडेची चीर खोलवर उभीच असली पाहिजे, दट्ट्या नळीत वर यावा तसा हा ठोकळा वर आला. दुसरा पक्ष म्हणे, बाजूने रेटा आला आणि पर्वत शेजारच्या खोऱ्याच्या अंगावर तिरपा चढला; चीर खोलवर तिरपीच गेली असली पाहिजे. अशा चिरेला शास्त्रात 'थ्रस्ट' म्हणतात. प्रश्न एका पर्वतापुरता नव्हता. पृथ्वीचे कवच खालून उचलले जाते की बाजूने दाबले जाते, पर्वत मुळात होतात कसे, हा त्यामागचा वाद होता. जमिनीवर हिंडून तो मिटण्यासारखा नव्हता, कारण दोन्ही पक्षांची चित्रे पृष्ठभागाजवळ सारखीच दिसत होती. फरक सुरू होत होता तो काही किलोमीटर खाली.

१९७७ साली कोकॉर्पने या पर्वतावरून रेषा नेली. छेद तयार झाला तेव्हा पर्वताच्या नैर्ऋत्य कडेपासून निघालेला एक प्रतिध्वनी ईशान्येकडे तिरपा खाली उतरत गेलेला दिसला. उतार सरासरी तीस-पस्तीस अंशांचा. निदान २४ किलोमीटर खोलीपर्यंत तो स्पष्ट माग देत होता. त्याखाली खोऱ्यातील कोवळे थर प्राचीन ग्रॅनाइटच्या पोटाखाली शिरलेले होते. संशोधकांनी १९७८ साली हिशेब प्रसिद्ध केला: या चिरेवरून पर्वत निदान २१ किलोमीटर आडवा व १३ किलोमीटर उभा सरकला आहे. म्हणजे वर चढण्यापेक्षा पुढे सरकणे अधिक! बाजूच्या रेट्याचा पक्ष येथे जिंकला. मनुष्याने एखाद्या मोठ्या प्रस्तरभंगाचा माग कवचाच्या अर्ध्याहून अधिक जाडीत असा सलग लावावा, हे नवेच होते. नकाशाखालच्या प्रश्नचिन्हाच्या जागी प्रथमच रेघ आली.

त्यानंतर लगेच अमेरिकेच्या आग्नेय भागातील अॅपलाचियन पर्वतांत याहून मोठा धक्का बसला. तेथील स्फटिकी खडक मुळासकट खोल रुतलेले आहेत असे अनेकांना वाटे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या छेदात दिसले की, सहा ते पंधरा किलोमीटर जाडीचा तो खडकांचा पापुद्रा जवळजवळ आडव्या चिरेवरून निदान २६० किलोमीटर पश्चिमेकडे सरकून आला आहे आणि त्याच्याखाली जुन्या समुद्रकाठचे थर निजलेले आहेत. पुण्याहून सोलापूर जितके लांब, साधारण तितके अंतर एका पर्वताने दुसऱ्याच्या अंगावरून कापले होते! ब्रिटनमध्ये १९८१ पासून जहाजांमागे तारा ओढून, पाण्यात दाबाखालची हवा सोडून असेच काम झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेस एक तिरपा प्रतिध्वनी कवचही ओलांडून खालच्या प्रावरणात उतरलेला मिळाला. चिरा कवचाच्या तळाशी संपतात, हा समज त्याने डळमळीत केला.

एक शंका श्रोत्यांच्या मनात आली असेल. चिरेत तर पोकळी नसते. मग चीर आरशासारखी परत आवाज कशी देते? याचे उत्तर चिरेच्या स्वभावात आहे. वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत खडक थंड व ठिसूळ असतो. तेथे चीर म्हणजे चुरलेल्या, भरडलेल्या खडकाचा पट्टा. त्यात पाणी मुरते, माती बनते, आणि हा भरडा शेजारच्या धड खडकाहून निराळा आवाज देतो. त्याहून खाली खडक तापून लोचट होतो. तेथे तो तुटत नाही, कणकेसारखा मळला जातो. मळताना त्यातील खनिजे पातळ पातळ थरांत ताणली जातात आणि कित्येकदा शेकडो मीटर किंवा त्याहूनही जाड असा पदरदार पट्टा तयार होतो. अशा पट्ट्याच्या पदरापदरावरून प्रतिध्वनी येतो. शिवाय चिरेच्या वर एक जातीचा खडक आणि खाली दुसऱ्या जातीचा आला असला तर ती सीमाही आवाज परतवते. तेव्हा खोल 'चीर' हा शब्द सोयीचा असला तरी ती वस्तुतः रेघ नव्हे, पट्टा आहे. वर ठिसूळ आणि खाली लोचट या दोहोंच्या सीमेजवळच बरेच मोठे भूकंप जन्म घेतात, म्हणून तो पट्टा कोठून कसा जातो हे कळणे मोलाचे.

आता हिमालयाकडे वळू, कारण या विद्येचा कस तेथेच लागला, आणि या कथेचा आरंभही एका अर्थाने आपल्याच देशात झाला होता. गेल्या शतकाआधीच्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू असता, उत्तरेकडील कलियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर दोन रीतींनी काढले तर ५.२४ विकलांचा फरक येई. कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट हे गणिती होते. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढल्याने हा फरक पडत असावा, म्हणून त्यांनी १८५५ साली हिशेब केला. तर फरक जवळजवळ १५.८९ विकला, म्हणजे तिप्पट यायला हवा होता. इतका मोठा पर्वत, आणि ओढतो एवढाच! राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवले की, पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोल बुडालेले असावे. तराफा जितका उंच तितका तो पाण्यात खोल असतो. पुढे १९२२ साली ब्रुसेल्सच्या भूशास्त्र परिषदेत एमिल आर्गां या स्विस पंडितांनी सांगितले की, भारताचा भूखंड आशियाखाली शिरला असून तिबेटची उंची त्यानेच उचलली आहे. कल्पना भव्य होती. पण भारत तिबेटखाली खरोखरच शिरला आहे, आणि शिरताना तो कोणत्या चिरेवरून घसरला, हे कोणी पाहिले होते?

ते १९९२ साली पाहिले गेले. चिनी व अमेरिकन संशोधकांनी मिळून 'इन्डेप्थ' या नावाचा उपक्रम काढला आणि हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेस, दक्षिण तिबेटात, सुमारे शंभर किलोमीटरची रेषा टाकली. येथे कोवळ्या थरांचे प्रश्न नव्हते. कवचच दुप्पट जाड होते, म्हणून सुरुंग मोठे आणि ऐकण्याची मुदत पन्नास सेकंद ठेवली. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडे सुमारे २८ किलोमीटर खोलीवर सुरू होऊन उत्तरेकडे सुमारे ४० किलोमीटरपर्यंत, जेमतेम नऊ अंशांच्या उताराने जाणारा एक ठळक प्रतिध्वनी मिळाला. हीच ती घसरगुंडी, हिमालयाचा मुख्य थ्रस्ट. तिच्यावर हिमालय आहे, तिच्याखाली भारत. आणि त्याही खाली, सुमारे ७५ किलोमीटरवर, कवचाचा तळ उमटला. सामान्य कवचाच्या दुप्पट जाडीवर. ओळंब्याच्या साडेदहा विकलांच्या चुकीवरून एअरींनी जे मूळ कल्पिले, त्याचा तळ १३७ वर्षांनी असा वाजवून पाहता आला.

हे ज्ञान केवळ पंडितांच्या कौतुकाचे नाही. भारत व तिबेट दर वर्षी सुमारे दोन सेंटिमीटर जवळ येतात आणि त्याचा बराच भाग या चिरेवर साठत राहतो. खोलवर, जेथे खडक लोचट आहे, तेथे चीर हळूहळू सरकते. वर, हिमालयाच्या पायथ्यापासून आतपर्यंत, ती अडकलेली असते. २०१५ च्या २५ एप्रिलला नेपाळात गोरखा जिल्ह्याखाली ती अडक सुटली. ७.८ प्रतीचा तो भूकंप काठमांडूच्या वायव्येस सुरू होऊन पूर्वेकडे पसरला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. आणि काठमांडूचे खोरे मीटरहून अधिक दक्षिणेकडे सरकले. फाट जमिनीवर उघडी पडली नाही. म्हणजे चिरेचा दक्षिणेकडील, मैदानालगतचा भाग त्या दिवशी तसाच अडकून राहिला. त्या मैदानात उत्तर प्रदेश, बिहार आणि नेपाळच्या तराईतील कोट्यवधी लोक राहतात. चीर आडवी पसरलेली असल्यामुळे ती कोणा दूरच्या डोंगरात नसून पुष्कळ गावांच्या सरळ खाली आहे, हे कळणे किती गंभीर आहे हे श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको.

आतापर्यंत आम्ही या साधनाचे गुण सांगितले. त्याची मर्यादा न सांगणे लबाडी होईल. आडव्या किंवा मंद उताराच्या चिरेवर पडलेला आवाज वर परत येतो. उभ्या चिरेवर वरून सोडलेला आवाज तिला घासून खाली निघून जातो. परत येतो तो दुसरीकडे, नाही तर येतच नाही. भिंतीला लावलेल्या आरशात छपरावरून वाकून पाहणाऱ्याचे तोंड कसे दिसावे? १९७७ साली कोकॉर्पने सान आंद्रेआसवरून पार्कफील्ड येथे रेषा नेली, तेव्हा ही प्रसिद्ध चीर स्वतः उमटली नाही. तिच्या जागी छेदात एक मुका, प्रतिध्वनीहीन पट्टा दिसला. शेजारचे थर जेथे तुटतात तेथे चीर असावी, एवढे अनुमान. शेवटी तेथे २००४ ते २००७ या काळात तिरपे भोक पाडून सुमारे अडीच-तीन किलोमीटर खोलीवर चीर ओलांडावी लागली. तेव्हा चिरेतील निसरडी माती हाती आली आणि ती चीर त्या ठिकाणी का घसरत राहते याचा उलगडा झाला. शिवाय छेदातील प्रत्येक रेघ चीरच असते असेही नाही. जुन्या लाव्ह्याच्या घुसलेल्या चादरी, बाजूने आलेले प्रतिध्वनी हेही रेघेचे सोंग घेतात. रेघ यंत्र काढते. तिचा अर्थ माणूस लावतो.

ही मर्यादा आपल्या अगदी दाराशी येऊन उभी आहे. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगर कोसळले, ६.३ प्रतीच्या भूकंपाने. दोनशेच्या आसपास माणसे गेली आणि पश्चिम महाराष्ट्राची झोप उडाली. दख्खनचे पठार अचल आहे, हा आपला विश्वास त्या पहाटे गेला. धरणाचे पाणी साठू लागल्यावर तेथे भूकंप वाढले, ही गोष्ट पुढे जगभर अभ्यासली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने १९७२ पासून सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने कवल्लीपासून उडुपीपर्यंत खोल भूकंपमापनाची पहिली रेषा टाकली होती. तिच्यामागून कोयनेच्या परिसरात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषा टाकण्यात आल्या. त्या रेषा मुख्यतः दूरवरून वळून येणाऱ्या लहरींवर आधारलेल्या होत्या. कवचाच्या तळाची खोली त्यांनी दिली. पुढे १९९० नंतर याच संस्थेने राजस्थानात नागौर ते झालावाड अशी खरी खोल परावर्तनाची रेषा नेली आणि अरवलीतील प्राचीन थ्रस्ट खालच्या कवचापर्यंत उतरताना दिसले. म्हणजे विद्या आपल्याकडेही आहे.

मग कोयनेची चीर का दिसू नये? दोन कारणे. एक, ती जवळजवळ उभी आहे आणि तिच्या बाजू मुख्यतः आडव्या, एकमेकींना घासत सरकतात. सान आंद्रेआसच्याच जातीची. दुसरे, तिच्यावर आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पांघरलेला आहे. लाव्ह्याचा एक थर घट्ट, त्यावर सच्छिद्र, मध्ये लाल मातीचा पट्टा, पुन्हा घट्ट; अशा थरांवर थर. प्रत्येक थर आवाज थोडा अडवतो, थोडा विखरतो, आणि खालून येणारा क्षीण प्रतिध्वनी वरच्या गोंगाटात हरवतो. १९९३ साली किल्लारीला हजारो माणसे गेली, ती चीरही याच कातळाखाली दडलेली होती आणि तिची खबर कोणाला नव्हती. म्हणून कोयनेत पार्कफील्डचाच मार्ग धरावा लागला. दीड किलोमीटरच्या आसपास अनेक भोके पाडून, त्यांत भूकंपमापक बसवून, शेवटी २०१७ पर्यंत गोठणे येथे तीन किलोमीटरचे चाचणी-विवर खोदले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर कातळ ओलांडल्यावर खालचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. त्या खडकातच कोयनेचे बहुतेक भूकंप होतात, दहा किलोमीटरच्या आत. या कामासाठी कराडला केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने स्वतंत्र प्रयोगशाळा काढली.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली अशी की, खोल चिरांचे ज्ञान मिळाले ते नवे यंत्र निघाल्यामुळे तितके नाही, जितके नफा संपल्यावरही ऐकत राहण्याची तयारी कोणी तरी दाखवल्यामुळे. तेलासाठी चार सेकंद पुरत होते. पर्वत कसे झाले आणि भूकंप कोठून येतात यासाठी वीस आणि पन्नास सेकंद थांबावे लागले. त्या जादा सेकंदांचे मोल सार्वजनिक पैशानेच भरता येते. कोयनेत भोक पाडण्याचा खर्च ऐकून कोणी नाक मुरडले, तर त्याला हा इतिहास सांगावा.

दुसरी गोष्ट नम्रतेची आहे. चीर कोठे आहे व कशी आहे हे कळले म्हणजे ती केव्हा सरकेल हे कळले असे नव्हे. तो दिवस सांगणारे शास्त्र नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण चिरेचा आकार कळला की धक्का किती मोठा असू शकेल, तो कोणत्या बाजूस अधिक बसेल, याचा अंदाज बांधता येतो. आणि घरे, शाळा, दवाखाने कसे बांधावेत हे ठरते. नेपाळात आणि किल्लारीत माणसे मारली ती मुख्यतः कोसळलेल्या भिंतींनी. मडके चिरलेले आहे असे कळले म्हणून आपण ते फेकून देऊ शकतो. पृथ्वी बदलून घेता येत नाही. तिच्या चिरांवरच आपल्याला नांदायचे आहे. तेव्हा त्या ऐकून घ्याव्या, आणि ऐकल्याप्रमाणे भिंती घालाव्या, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.